इंग्रजी शब्दाचा अर्थ कसा शिकावा ?



इंग्रजीचा अभ्यास म्हणजे शब्दार्थ पाठ करणें, अशी बहुतेकांची समजूत असते. वहीच्या पानाच्या मधोमध रेघ मारावयाची, डाव्या बाजूस इंग्रजी शब्द व उजव्या बाजूस त्याचा मराठी प्रतिशब्द लिहावयाचा, आणि रोज संध्याकाळीं हे जोड घोकावयाचे, हा क्रम घरोघरीं चालतो. ‘टेक’ म्हणजे घेणें, ‘रन’ म्हणजे धांवणें, ‘सी’ म्हणजे पाहणें. वडील माणसें शेजारीं बसून वहीवरून शब्द विचारतात, मुलगा धडाधड अर्थ सांगतो, आणि दोघांचेंहि समाधान होतें. परंतु तोच मुलगा नवा धडा वाचावयास बसला म्हणजे पावलोपावलीं अडखळतो. शब्द ओळखीचे असतात, पण वाक्य कांहीं केल्या उलगडत नाहीं. मग तो आपल्या बुद्धीला दोष देतो, वडील त्याच्या आळसाला दोष देतात, आणि इंग्रजी हा विषयच कठीण असें ठरून जातें. वास्तविक दोष बुद्धीचा नसतो व बहुधा आळसाचाहि नसतो. तो त्या दुभागलेल्या पानाचा असतो. तो कसा, हें आपण या लेखांत रोजच्या वापरांतील अगदीं सोप्या शब्दांवरून पाहूं.

१. एक शब्द, अनेक कामें

प्रथम आपल्याच भाषेंतील ‘लागणें’ हें क्रियापद घ्या. भूक लागते, ठेंच लागते, ऊन लागतें, झाडाला फळें लागतात, घराला आग लागते, गांवीं जाण्यास दोन तास लागतात, परीक्षेचा निकाल लागतो, मूल रडूं लागतें, आणि शेजारच्या वाड्यांतील बाई नात्यानें आपल्या आईची मावशी लागते. समजा, एखाद्या परदेशी गृहस्थानें मराठी शिकतांना आपल्या वहींत ‘लागणें’ या शब्दापुढें ‘स्पर्श होणें’ एवढाच अर्थ लिहून ठेविला, तर ‘निकाल लागला’ हें वाक्य ऐकून त्याची काय गत होईल ? आपण मात्र यांपैकीं एकहि अर्थ पाठ केलेला नाहीं. शब्द कोणाच्या शेजारीं बसला आहे हें पाहून आपण त्याचा अर्थ ओळखतों. हीच हातोटी इंग्रजी शब्दांच्या बाबतींत वापरावयाची आहे.

इंग्रजींतील ‘रन’ हा शब्द ‘लागणें’ याच्याच जातीचा आहे. मुलगा ‘रन’ करतो तेव्हां तो धांवतो, हें खरें. पण नदी ‘रन’ करते तेव्हां ती वाहते. नळ ‘रन’ करतो तेव्हां त्यांतून पाणी येत असतें. सर्दी झालेल्या मुलाचें नाक ‘रन’ करतें तेव्हां तें गळत असतें. दुकानदार दुकान ‘रन’ करतो तेव्हां तो तें चालवितो. आणि कच्च्या रंगाचें कापड धुतलें असतां त्याचा रंग ‘रन’ करतो, म्हणजे पसरतो. या सर्व अर्थांकडे नीट पाहिलें तर त्यांच्या मुळाशीं एकच कल्पना दिसेल : कांहीं तरी न थांबतां पुढें जात आहे. ती कल्पना एकदां मनांत ठसली म्हणजे पुढें एखादा नवाच प्रयोग समोर आला तरी त्याचा अर्थ बहुधा आपला आपण सुचतो. ‘धांवणें’ हा एकच प्रतिशब्द हातांत धरून बसलेल्या मुलाला मात्र नाक धांवतें असें लिहावें लागतें, आणि वर्गांत हशा पिकतो.

‘टेक’ या शब्दाचेंहि तसेंच. ‘टेक युअर सीट’ म्हणजे खुर्ची उचलून घ्या असें नव्हे. आपल्या जागेवर बसा, असें. ‘टेक युअर टाइम’ म्हणजे घाई करूं नका. ‘टेक केअर’ म्हणजे जपा. इंग्रज मनुष्य औषध ‘टेक’ करतो, तेंच आपण घेतों. तो फोटो ‘टेक’ करतो, तो मात्र आपण काढतों. आणि गांवीं जाण्यास दोन तास लागतात हें सांगतांनाहि तो ‘इट टेक्स टू अवर्स’ असेंच म्हणतो. तेव्हां ‘टेक’ म्हणजे कधीं घेणें, कधीं काढणें, तर कधीं आपलें तें बहुगुणी ‘लागणें’.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. मुलें लांबलचक शब्दांना भितात व आंखूड शब्द सोपे समजतात. खरा प्रकार उलट आहे. ‘फोटोग्राफर’ हा शब्द लांब आहे, पण त्याचें काम एकच. उलट ऑक्सफर्डचा जो मोठा इंग्रजी कोश आहे, त्याची दुसरी आवृत्ति १९८९ सालीं वीस खंडांत निघाली; तींत ‘सेट’ या एवढ्याशा क्रियापदाचे ४३० हून अधिक अर्थ दिलेले आहेत. सूर्य ‘सेट’ होतो म्हणजे मावळतो, दहीं ‘सेट’ होतें म्हणजे लागतें, आणि शिक्षक प्रश्नपत्रिका ‘सेट’ करतात म्हणजे काढतात. घरांतील सर्वांत अधिक कामें जशीं लहानशा विळीलाच पडतात, तसेंच भाषेंत या लहान शब्दांचें आहे. त्यांच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाहीं.

२. आमचा एक, त्यांचे दोन

कांहीं ठिकाणीं मराठींत एक शब्द असतो व इंग्रजींत त्याच्या जागीं दोन किंवा तीन असतात. आपण खांद्यापासून बोटांपर्यंतच्या सगळ्या अवयवाला हात म्हणतों. इंग्रजींत मनगटापर्यंतचा भाग ‘आर्म’ आणि त्याच्या पुढील पंजा ‘हँड’. पायाचेंहि तसेंच : घोट्यापर्यंत ‘लेग’ व त्याच्या खालीं ‘फुट’. हातापायांच्या बोटांना आपण बोटेंच म्हणतों. इंग्रजींत हाताचीं ‘फिंगर’ व पायाचीं ‘टो’. डॉक्टरांना दुखरी जागा सांगतांना या भेदाचा चांगलाच उपयोग होतो.

घर या शब्दाला ‘हाउस’ व ‘होम’ असे दोन शब्द आहेत. भिंती, छप्पर, दारें, खिडक्या मिळून होतें तें ‘हाउस’. जेथें आपलीं माणसें आपली वाट पाहतात तें ‘होम’. ‘हाउस’ विकत मिळतें, ‘होम’ सहसा तसें मिळत नाहीं. म्हणूनच वसतिगृहांतील मुलाला आईची आठवण येऊन वाईट वाटतें, तेव्हां तो ‘होमसिक’ होतो. ‘हाउससिक’ असा शब्दच नाहीं.

‘हिअर’ आणि ‘लिसन’ या दोहोंनाहि वहींत ‘ऐकणें’ असाच अर्थ लिहिलेला आढळतो. पण ‘हिअर’ म्हणजे ऐकूं येणें. त्यांत आपला प्रयत्न नसतो. रस्त्यावरची वरात, शेजारचें भांडण, आकाशांतील गडगडाट हें सर्व आपण ‘हिअर’ करतों. ‘लिसन’ म्हणजे कान देऊन ऐकणें. शिक्षकांनीं वर्गांत ‘आर यू लिसनिंग ?’ असें विचारलें असतां त्यांचा प्रश्न कानाविषयीं नसतो, लक्षाविषयीं असतो. डोळ्यांचेंहि असेंच आहे. ‘सी’ म्हणजे दिसणें, ‘लुक’ म्हणजे दृष्टि वळवून पाहणें, आणि ‘वॉच’ म्हणजे काय घडतें तें लक्ष ठेवून पाहत राहणें. चंद्र ढगांतून बाहेर आला कीं तो आपल्याला ‘सी’ होतो असें मनांत आणावें. त्याच्याकडे मान वर करून आपण ‘लुक’ करतों. आणि ग्रहण लागलें म्हणजे तासभर अंगणांत उभे राहून त्याला ‘वॉच’ करतों.

‘बॉरो’ व ‘लेंड’ हा जोड तर मुलांना फारच फसवितो, कारण दोहोंतहि आपला ‘उसनें’ हा शब्द येतो. उसनें घेणें तें ‘बॉरो’, उसनें देणें तें ‘लेंड’. शेजारणीनें आपल्याकडून वाटीभर साखर नेली, तर तिनें ‘बॉरो’ केली व आपण ‘लेंड’ केली. साखर एकच, वाटीहि एकच. पण कोणाच्या दारांत उभे राहून आपण बोलतों त्यावर शब्द ठरतो.

३. त्यांचा एक, आमचे अनेक

याच्या उलट प्रकारहि विपुल आहे, आणि तो पाहिला म्हणजे आपली भाषा किती संपन्न आहे हें कळतें. शेतांत उभें असतें तें भात, भरडून निघतो तो तांदूळ, आणि शिजवून पानांत वाढतात तो पुनः भात. या तिहींना इंग्रजींत ‘राइस’ हा शब्द चालतो. कोंकणांतील मुलाला शहाळें व नारळ यांतील भेद सांगावा लागत नाहीं. इंग्रजींत दोन्हीहि ‘कोकोनट’च, भेद दाखवावयाचा तर मागें ‘टेंडर’ म्हणजे कोवळें असें विशेषण जोडावें लागतें.

नात्यांचे शब्द पाहा. काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान, हे सारे ‘अंकल’. चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ आणि या चौघांच्या बहिणी, हीं सगळीं मंडळी ‘कझिन’. यामुळें धड्यांत ‘अंकल’ हा शब्द आला कीं डोळे मिटून ‘काका’ असें भाषांतर करूं नये. पुढच्या वाक्यांत तो आईचा भाऊ आहे असें निघालें तर तो मामा होईल. म्हणजे येथेंहि अर्थ शब्दांत नसून शेजारच्या वाक्यांत सांपडतो.

तूं, तुम्ही व आपण या तिन्ही सर्वनामांना इंग्रजींत आज ‘यू’ हें एकच सर्वनाम आहे. शेक्सपियरच्या काळीं, म्हणजे सुमारें चारशें वर्षांपूर्वीं, एकट्या व जवळच्या माणसाला ‘दाउ’ म्हणण्याची चाल होती. पुढें ती रोजच्या बोलण्यांतून मागें पडली. यामुळें इंग्रज मुलगा आपल्या आजोबांना व आपल्या कुत्र्याला सारखेंच ‘यू’ म्हणतो. पण म्हणून त्या भाषेंत आदर नाहीं असें नव्हे. आपण जो आदर ‘द्या’, ‘बसा’, ‘यावें’ अशा क्रियापदांच्या रूपांत ठेवितों, तो त्यांनीं ‘प्लीज’, ‘सर’, ‘मे आय’ अशा शब्दांत ठेविला आहे. मराठी मुलगा ‘पाणी द्या’ याचें ‘गिव्ह मी वॉटर’ असें शब्दशः भाषांतर करतो, तेव्हां ‘द्या’ मधील आदर वाटेंतच सांडतो व ऐकणाऱ्याला तें वाक्य हुकमासारखें लागतें. तो आदर परत आणण्यासाठीं ‘प्लीज’ घालावा लागतो. मुलगा उद्धट नसतो. त्याचें भाषांतर अपुरें असतें.

४. सौजन्याचे चार शब्द

‘प्लीज’ हा एका मोठ्या वाक्याचा उरलेला तुकडा आहे. ‘इफ इट प्लीज यू’, म्हणजे ‘आपल्या मर्जीस येईल तर’, असें तें पूर्ण वाक्य.

‘थँक’ हा शब्द ‘थिंक’ म्हणजे विचार करणें या शब्दाचा भाऊ आहे. ज्यानें आपल्यासाठीं कांहीं केलें त्याचा मनांत विचार ठेवणें, हा त्याचा मूळ भाव. उपकार स्मरणें असें आपण म्हणतों, तेंच हें.

‘सॉरी’ म्हणजे ‘माफ करा’ अशी सर्वांची समजूत आहे, पण तो अर्थ अर्धाच आहे. जुन्या इंग्रजींत हा शब्द ‘सोअर’ म्हणजे दुखरें या शब्दापासून झाला. ‘मन दुःखी असलेला’ असा त्याचा अर्थ. आपला धक्का कोणाला लागला असतां आपण ‘सॉरी’ म्हणतों, तेव्हां ‘तुम्हांला लागलें याचें मला वाईट वाटतें’ असें आपण सांगत असतों. एखाद्याच्या घरीं दुःखद प्रसंग घडला असतां भेटावयास आलेला मनुष्यहि ‘आय ॲम सॉरी’ असें म्हणतो. तेथें त्याचा कांहीं अपराध नसतो, व तो क्षमाहि मागत नसतो. तो दुःखांत वांटेकरी होत असतो. हा अर्थ ठाऊक नसलेला मुलगा अशा वेळीं गोंधळून ‘तुम्ही काय केलें ?’ असें विचारील, तर शोकाच्या घरीं केवढा विपरीत प्रकार होईल ! शब्दाचा अर्थ अर्धवट कळल्यानें केवळ गुणच जातात असें नाहीं.

‘गुडबाय’ हा ‘गॉड बी विथ यू’, म्हणजे ‘देव तुझ्याबरोबर असो’, या वाक्याचा झिजून झालेला शब्द आहे. आपल्याकडे निघतांना ‘जातों’ म्हणत नाहींत, ‘येतों’ म्हणतात. दोन्ही रीति निराळ्या, पण निरोप घेणाऱ्याच्या मनांतील काळजी एकच.

५. शब्दांचें मूळ घर

शब्द कोठून आला हें कळलें म्हणजे तो सहसा विसरत नाहीं. कांहीं नमुने पाहा.

‘ब्रेक’ म्हणजे मोडणें व ‘फास्ट’ म्हणजे उपवास; रात्रभरचा उपवास मोडतो तो ‘ब्रेकफास्ट’. एकादशीचा उपवास सोडण्याला आपण पारणें म्हणतों. इंग्रज मनुष्य रोज सकाळीं पारणें करतो, एवढेंच. ‘विंडो’ हा शब्द उत्तर युरोपांतील लोकांच्या जुन्या भाषेंतून आला. त्याचा अर्थ वाऱ्याचा डोळा. आपल्या संस्कृतांत खिडकीला गवाक्ष म्हणतात, म्हणजे गाईचा डोळा. एकमेकांपासून हजारों मैलांवर राहणाऱ्या लोकांना भिंतींतील भोंक पाहून डोळाच आठवावा, हें मौजेचें नव्हे काय ? ‘पेन’ हा शब्द लॅटिन भाषेंतील पीस या अर्थाच्या शब्दापासून निघाला, कारण तिकडे पूर्वीं पक्ष्याच्या पिसानें लिहीत असत. आपल्याकडे बोरू होता.

‘शुगर’ तर आपल्या घरचीच लेक आहे. संस्कृत शर्करा हा शब्द इराण व अरबस्तान या वाटेनें युरोपांत गेला व ‘शुगर’ झाला. इकडे त्याचीच साखर झाली. ‘मंगूस’ हें आपलें मुंगूसच, मराठींतून इंग्रजींत गेलेलें. उलट चावी, पगार, बटाटा, पाव हे शब्द पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आले व इतके रुळले कीं ते परके होते हें कोणाच्या ध्यानांतहि राहिलें नाहीं. ‘मदर’ व मातृ, ‘डोअर’ व द्वार, ‘नेम’ व नाम, ‘थ्री’ व त्रि, हे मात्र उसने घेतलेले शब्द नव्हत. संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात, असें सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढें सांगितलें. पुढील विद्वानांनीं तें सिद्ध केलें, व इंग्रजी आणि मराठी या दोघीहि त्याच मोठ्या कुटुंबांतील ठरल्या.

आतां हातांतील या ‘मॅगझिन’कडेच पाहा. अरबी भाषेंत कोठाराला मखझन म्हणतात. त्यावरून हा शब्द झाला. आपला खजिना हा शब्दहि त्याच अरबी धातूपासून आलेला. लंडन येथें १७३१ सालीं ‘जंटलमन्स मॅगझिन’ नांवाचें मासिक निघालें, तेव्हांपासून नाना विषयांच्या लेखांचें कोठार अशा अर्थानें हें नांव नियतकालिकांना मिळालें. आणि ‘स्कूल’ ? ग्रीक भाषेंत त्याचा पहिला अर्थ फावला वेळ असा होता. पोटापाण्याच्या कामांतून मोकळा झालेला वेळ शहाण्या लोकांनीं चर्चेंत व अध्ययनांत घालवावा, म्हणून ज्या ठिकाणीं तो घालवीत त्या ठिकाणासहि तेंच नांव पडलें. शाळेची घंटा वाजली म्हणजे कपाळाला आठ्या घालणाऱ्या मित्रांनीं हा अर्थ अवश्य लक्षांत ठेवावा. कोणी तरी शेतांत, गिरणींत किंवा कचेरींत आपल्या वांट्याचें काम करीत आहे, म्हणून आपल्याला हा वेळ मोकळा मिळाला आहे.

६. मग वही कशी ठेवावी ?

दुभागलेलें पान टाकून द्यावें असें माझें म्हणणें नाहीं. त्यांत तिसरा भाग घालावा. पहिल्या भागांत शब्द, दुसऱ्यांत तो ज्या वाक्यांत भेटला तें संपूर्ण वाक्य, आणि तिसऱ्यांत त्या वाक्यापुरता अर्थ. तोच शब्द पुनः निराळ्या वाक्यांत भेटला तर त्याच्याच खालीं नवें वाक्य लिहावें. वर्षअखेर ‘टेक’ किंवा ‘सेट’ या शब्दाखालीं दहाबारा वाक्यें जमलेलीं दिसतील. दिवसाला पांचच शब्द घ्यावेत. कोश पाहतांना पहिलाच अर्थ उचलूं नये. सर्व अर्थ वाचून आपल्या वाक्यांत जो बसेल तो घ्यावा.

पालकांस एक विनंति. आपल्याला इंग्रजी येत नाहीं, म्हणून मुलाच्या अभ्यासांत आपला उपयोग नाहीं, असें कित्येक आईबापांना वाटतें, व तें मनाला लावून घेऊन ते दूर बसतात. तसें करूं नये. मुलाला नुसता प्रतिशब्द न विचारतां, ‘हा शब्द कोणत्या वाक्यांत आला ? तेथें तो काय सांगतो ? आपण तेंच मराठींत कसें म्हणूं ?’ हे तीन प्रश्न विचारावे. यांना इंग्रजीची गरज नाहीं, चांगल्या मराठीची आहे; आणि ती आपल्या घरांत भरपूर आहे. उत्तर सांगतां सांगतां मुलगाच आपला शिक्षक होतो, आणि जें दुसऱ्याला समजावून देतां आलें तें त्याला खरोखर समजलेलें असतें.

अभ्यास

(१) ‘लागणें’ याप्रमाणें ‘पडणें’ व ‘येणें’ या क्रियापदांचीं प्रत्येकीं आठ वाक्यें लिहा, व प्रत्येकास इंग्रजींत कोणता शब्द योजाल तें सांगा.

(२) ‘परवां’ हा शब्द गेलेल्या व येणाऱ्या अशा दोन्ही दिवसांना लागतो. तो कोणता दिवस हें आपण कशावरून ओळखतों ? इंग्रजींत ते दोन दिवस कसे सांगतात ?

(३) ‘ब्रिंग’ व ‘टेक’ यांतील भेद आणणें व नेणें या शब्दांनीं स्पष्ट करा.

(४) ‘सॉरी’ हा शब्द क्षमेसाठीं व सहानुभूतीसाठीं आलेला असेल अशीं दोन दोन वाक्यें रचा.

(५) घरांतील वडील माणसांच्या मदतीनें रोजच्या मराठी बोलण्यांतील वीस इंग्रजी शब्द जमवा. मूळ अर्थ व घरांत रूढ झालेला अर्थ यांत कोठें फरक पडला आहे तो शोधा.